दांडी धरणाकडे वळते आहे

रविवार, ३० मे २००४. सकाळी ६.१०

आजपासून ही वही. कुणाला दाखवायची नाही. खरं तेवढंच लिहायचं. मापाचं वाचन तीनदा घ्यायचं आणि मगच लिहायचं, हा अण्णांचा नियम. अण्णा मोजणी खात्यात होते. तीस वर्षं साखळी ओढून लोकांच्या बांधांची भांडणं मोजली. पाचवीपर्यंत त्यांनी मला घरीच शिकवलं. शाळा लांब होती हे एक कारण. दुसरं कारण, तिथल्या मास्तरांनी फळ्यावर पट्टी न लावता रेघ मारली होती आणि ती अण्णांनी पाहिली होती.

अण्णांना अर्धांगवायूचा झटका येऊन आज अठ्ठावीस दिवस झाले. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डावा हात चालतो. पौडचे डॉक्टर म्हणाले, औषध आपलं काम करील, पण माणसाला उठावंसं वाटलं पाहिजे. आठवडाभर विचार केला. अण्णांना उठावंसं वाटेल अशी एकच गोष्ट आहे.

मी सहा वर्षांची असताना त्यांनी सांगितलं होतं की जगातली प्रत्येक वस्तू दुसऱ्या प्रत्येक वस्तूला ओढते. मी ओट्यावर दोन चिंचोके ठेवून दुपारभर बघत बसले. हलले नाहीत. अण्णा हसले नाहीत. म्हणाले, "ओढतायत, पण ओटा त्यांना सरकू देत नाही. टांगून बघायला हवं. टांगू कधीतरी." मी विचारलं, पण का ओढतात? ते म्हणाले, "किती ते सांगता येतं. का, ते कुणालाच माहीत नाही. तू शोध." (त्यानंतर बरेच दिवस मी उडी मारली की पृथ्वीची मनात माफी मागायचे, कारण मीही तिला ओढते असं कळलं होतं.)

सतरा वर्षं झाली, टांगलं नाही. आता टांगणार. ओढ डोळ्यांनी दिसली की ती बघायला अण्णा उठतील. हे निश्चित.

योजना: जून, उपकरण. जुलै, मोजमाप. ऑगस्ट, कारण शोधणे. सप्टेंबर, अहवाल. ऑक्टोबर, बी.एस्सी.ची राहिलेली प्रॅक्टिकल परीक्षा. (मार्चमध्ये पहिलंच वाचन तीनऐवजी अकरा वेळा घेतलं आणि वेळ संपली.) दिवाळीला अण्णा ओटीवर बसून फराळ करतील.

बुधवार, ९ जून. दुपारी ३

उपकरण तयार. भाताची खोली भात येईपर्यंत रिकामी असते, आईकडून तेवढ्या मुदतीनं मागून घेतली. छताच्या वाशाच्या हुकाला सुती दोरा. दोऱ्याला तीन फुटी बांबूची दांडी, आडवी. दांडीच्या दोन्ही टोकांना शिशाचे गोळे. आमच्या शेतावर कामाला येणाऱ्या बुधाच्या मासे धरायच्या जाळ्याचे आहेत, त्यानं दोन दिले. खाली जमिनीवर अंश आखलेला पुठ्ठा. वारा नको म्हणून खिडकीला वर्तमानपत्रं चिकटवली.

गोळ्यांना ओढायला मोठं वस्तुमान हवं. स्वयंपाकघरातला पाटा आणि जातं नेलं. आई म्हणाली, "किमे, चटणी कशावर वाटू? तुझ्या डोक्यावर?" तिला समजावलं की पाटा आता चटणीचा राहिलेला नाही. ती म्हणाली, "मग जेवायलाही तेच वाढून घे, विज्ञान."

उद्यापासून पहाटे अर्धा तास प्रॅक्टिकलचा अभ्यास.

सोमवार, १४ जून

दांडी पाट्याकडे वळली नाही. पाटा जवळ नेला, लांब नेला. काही नाही. रडू येत होतं, पण वाचन घेतलं, तीनदा. तेव्हा दिसलं की दांडी पाट्याच्या उलट बाजूला दोन अंश वळली आहे. उलट बाजूला काय आहे? भिंत. भिंतीपलीकडे? गोठा. गोठ्यापलीकडे?

धरण!

साधी गोष्ट होती. पाटा बारा किलोचा. धरणात पाणी किती कोटी टन. पाट्याला कोण विचारतो? आजपासून प्रयोग धरणावर. पाटा आईला परत करायचा. (नको. मध्येच हलवला तर वाचनावर शंका येईल, राहू दे.)

अभ्यास: उद्यापासून.

गुरुवार, २४ जून. सकाळी ८

अण्णांनी पूर्वी धरणाच्या उतारावरच्या दगडांना चुन्यानं आकडे घातले आहेत. सर्वांत खाली एक, वर चाळीस. आज सहावा बुडाला. दांडी पाच अंश. पाणी वाढेल तशी दांडी वळणार.

अण्णांना सांगितलं. ते डोळे मोठे करून ऐकत होते. मग डावा हात उचलला आणि बोट वर, छताकडे केलं. दोनदा. म्हणजे आकाश. ध्येय उंच ठेव. मला भरून आलं. स्वयंपाकघरात जाऊन कांदा चिरला.

आजपासून तिसरं मोजमाप. अण्णा आपल्या जुन्या दोरीच्या बाजेवरच झोपतात, कॉट आणली तर हातानं ढकलली. बाज मध्ये खोलगट झाली आहे. जमिनीपासून अण्णांची पाठ किती उंचावर आहे ते रोज पट्टीनं मोजायचं. माणूस सावरू लागला की स्वतःचा भार स्वतः उचलतो, बाजेवर कमी टाकतो. याला पुस्तकात आधार सापडला नाही. शोधते. आज: ९ इंच.

गुरुवार, ८ जुलै

दगड १५. दांडी ९ अंश. अण्णा साडेनऊ इंच!

आमच्या लावणीला येते ती सखू, बुधाची बायको, भिजलेलं इरलं ठेवायला भाताच्या खोलीशी आली. दांडी बघून म्हणाली, "ताई, ह्ये काय टांगलंय? कुणाची नजर लागलीया व्हय?" तिला सगळं समजावून सांगितलं. पंधरा मिनिटं लागली. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "दोरा हाय त्यो. वल लागली की पीळ सुटतुया त्याचा. बाजंची दोरी न्हाई का पावसाळ्यात आखडत? तसंच हाय ह्ये."

सखूनं दोरी आणि ओढ यांची गल्लत केली. तिला दोष देत नाही. तिला घरी बसवून शिकवणारं कुणी नव्हतं. तिला चहा दिला.

मंगळवार, २० जुलै

दगड २४. दांडी १४. अण्णा साडेदहा इंच. आलेख कागदावर तीन रेघा: पाणी निळी, दांडी लाल, अण्णा हिरवी. तिन्ही वर चालल्या आहेत, एकमेकींचा हात धरल्यासारख्या. असा आलेख मी कुठल्याच पुस्तकात पाहिलेला नाही.

आलेख अण्णांसमोर धरला. ते आता रोज सकाळी मी आत गेले की मनगट फिरवतात. "किती?" असं विचारतात. आकडा ऐकला की बोट वर. आज हिरव्या रेघेवरही बोट ठेवलं आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. अभिमान.

आई म्हणाली, "अगं, त्यांना काहीतरी सांगायचंय." मी म्हटलं, सांगतायतच की.

एक नोंद प्रामाणिकपणासाठी: परवाचं वाचन दोनदाच घेतलं होतं. आई हाका मारत होती.

रविवार, १५ ऑगस्ट. दुपारी

आज कारणाचा दिवस. झेंडावंदनाहून येऊन दार लावून बसले. कॉलेजच्या लायब्ररीतल्या पुस्तकात दिलंय की वजनदार वस्तूमुळे तिच्या भोवतालची जागाच वाकते आणि इतर वस्तू त्या वाकलेल्या जागेतून तिच्याकडे येतात. वाचून समजलं नाही. अण्णांच्या बाजेशी जाऊन बसले तर समोरच दिसलं. बाजेवर ठेवलेलं सगळं, चष्म्याचं घर, पट्टी, गोळ्यांची पाकिटं, अण्णांकडे घरंगळतं. मी काठावर टेकले तर मीसुद्धा. अण्णांनी कुणाला ओढलेलं नाही. त्यांच्या भारानं बाज वाकली आहे, एवढंच.

सापडलं! अडीच ते पावणेतीन अशी पंधरा मिनिटं मला गुरुत्वाकर्षणाचं कारण माहीत होतं.

मग वाटलं, उतार झाला म्हणून पाकीट खाली का येतं? खालून पृथ्वी ओढते म्हणून. म्हणजे ओढीचं कारण ओढ. पुन्हा ओट्यावर, चिंचोक्यांपाशी.

कारण शोधण्याचं काम सप्टेंबरवर ढकलत आहे. हिरवी रेघ: ११ इंच.

शुक्रवार, ३ सप्टेंबर. रात्री जेवणानंतर

दगड ३८. दांडी २१. अण्णा साडेअकरा इंच. अहवाल पूर्ण, एकोणीस पानं. कॉलेजातल्या प्रॅक्टिकलच्या रजनी मॅडमना रजिस्टर्ड पोस्टानं पाठवला. "धरणाच्या पाण्याची ओढ व तिचा रुग्णावर परिणाम." शेवटी एकदा येऊन बघण्याची विनंती केली आहे.

पोस्टातून घरी आल्यावर पुण्याला असलेल्या जयाचा, माझ्या मावसबहिणीचा, फोन आल्याचं आईनं सांगितलं. परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख काल होती. जया आईला म्हणाली, "मावशी, मी तिला तीनदा सांगितलं होतं." बरोबर आहे, तीनदाच सांगितलं होतं. काल दर तासाचं वाचन चालू होतं. मॅडमनी प्रयोग पाहिला की प्रॅक्टिकलचा प्रश्नच उरणार नाही. शोध लावलेल्या माणसाला कोणी भिंग देऊन नाभीय अंतर काढायला लावत नाही.

सोमवार, २० सप्टेंबर

धरण भरलं. दगड ४०. दांडी २२. अण्णा पावणेबारा इंच. बोलणं नाही, उजवा हात नाही, कूस अजून आम्हीच वळवतो. पण पावणेतीन इंच वर आले आहेत. पट्टी खोटं बोलत नाही.

आज सहज हिशेब केला. मी पन्नास किलो, अण्णा साठ. आमच्यात एक मीटर अंतर असेल तर आम्ही एकमेकांना मिठाच्या कणाच्या चौथ्या भागाच्या वजनाएवढे ओढतो. अंतर अर्धं केलं तर चौपट. म्हणजे अख्खा कण. माझं स्टूल पट्टीनं मोजून अर्ध्या मीटरवर आणलं. आईनं विचारलं, "तिथं का बसलीस अडचणीत? मला बेडपॅन द्यायला जागा नको?" कारण सांगितलं नाही.

शुक्रवार, ८ ऑक्टोबर

दांडी १७.

तीनदा घेतलं. मग आणखी आठदा. सतराच. धरण भरलेलं आहे, चाळिसावा दगड पाण्यातच आहे. पाच दिवस ऊन पडलंय, त्याचा काही संबंध नाही. शक्यता: (१) उंदीर. (२) भूकंपाचे हादरे. (३) समोरच्या डोंगरावर रिसॉर्टसाठी मुरूम टाकतायत, त्या ढिगाची उलटी ओढ. तिसरी जास्त बरोबर वाटते. ढीग किती मोठा ते उद्या बघून येते.

अण्णा ११ इंच. साहजिक आहे. मी आकडा सांगताना माझा आवाज पडला असणार.

मंगळवार, १९ ऑक्टोबर

ढीग उचलून नेला. दांडी ९.

अण्णा पावणेदहा इंच. गोळ्यांची पाकिटं पुन्हा त्यांच्याकडे घरंगळायला लागली आहेत.

आज जे केलं ते लिहिलंच पाहिजे. सकाळी आत गेले. अण्णांनी मनगट फिरवलं, किती? मी म्हटलं, "बावीस."

आयुष्यातलं पहिलं खोटं वाचन. पण आकडा खाली आला तर अण्णा खाली येतात, हे आलेखावर स्पष्ट दिसतंय, मग नऊ कसं सांगू? अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. बोट वर केलं. ते बोट तसंच धरून ठेवलं. मी तो हात धरून खाली ठेवला. म्हटलं, हो अण्णा, उंचच ठेवीन.

रविवार, ३१ ऑक्टोबर. संध्याकाळी ६

रजनी मॅडम आल्या. मिस्टरांबरोबर धरणापलीकडच्या रिसॉर्टवर मुक्कामाला चालल्या होत्या, वाटेत उतरल्या. मिस्टर गाडीतच बसले.

मॅडमनी एकोणीस पानं वाचली होती. खुणा केलेल्या होत्या. आकडेमोडीत चूक नाही म्हणाल्या. भाताच्या खोलीत आल्या. दांडी ४. मी स्पष्टीकरणं सांगायला लागले. मॅडम म्हणाल्या, "किमया, थांब. एवढं सांग, धरण एका गोळ्याला जेवढं ओढतं तेवढंच दुसऱ्याला ओढणार ना? मग दांडी वळेल कशी?" मी म्हटलं, एक टोक धरणाला थोडं जवळ आहे. त्या म्हणाल्या, "हो. तीन फूट."

मग वर बघितलं. "दोरा कसला आहे?"

"सुती, मॅडम."

त्यांनी तांब्याभर पाणी मागितलं. मला वाटलं तहान लागली. त्यांनी पाण्यात दोन बोटं बुडवली आणि दोरा वरून खालपर्यंत ओला केला. दांडी हलली. हळूहळू धरणाकडे वळायला लागली. चार, सहा, नऊ, अकरा. मी तीनदा वाचलं.

आई दारात पोह्यांची बशी घेऊन उभी होती. मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ओला होता. म्हणाल्या, "अशा नोंदी आमच्याकडे एकही मुलगी ठेवत नाही. मार्चचा फॉर्म मात्र भर." गाडीपर्यंत सोडायला गेले तेव्हा विचारलं, मॅडम, पण वस्तू एकमेकींना ओढतात तरी का? त्या थांबल्या. म्हणाल्या, "वडिलांनी सांगितलंय ना तुला, तूच लिहिलंयस अहवालात? बरोबर सांगितलंय." मिस्टरांनी हॉर्न वाजवला.

शांतपणे विचार केला. दोऱ्याबद्दल मॅडमचं म्हणणं बरोबर. अण्णांचं बोटही छताला टांगलेल्या दोऱ्यासाठीच होतं. जूनपासून. त्यांना वाटलं असेल, ही एवढं शिकली, वर बघेल. पण प्रयोग फसला म्हणून उपाय फसला असं नाही. अण्णा पावणेतीन इंच वर आले होते ते तर खरं आहे. त्यात दोऱ्याचा काय संबंध?

हिरवी रेघ शाबूत आहे.

मंगळवार, २ नोव्हेंबर

सखू भात झोडायला आली होती. अण्णांना बघायला आत आली. म्हणाली, "अगं बया, बाजंची पार झोळी झालीया. वल गेली की दोरी सैल पडती, दर साली ताणावी लागती. बुधाला धाडते मी. म्या तवाच बोलले व्हते न्हवं ताई?"

हो. आठ जुलैला बोलली होती. नोंद आहे.

अण्णा साडेआठ इंच.

आलेख काढून बघितला. लाल रेघ आणि हिरवी रेघ. दोरा आणि दोरी. मे महिन्यापासून अण्णा जिथं होते तिथंच आहेत. पाऊण वर्षाचा पावसाळा असता तर मी त्यांना छताला लावलं असतं.

आज वाचन घेतलं नाही.

गुरुवार, ४ नोव्हेंबर. दुपारी १२

बुधा आला. मी आणि आईनं अण्णांना चादरीसकट उचलून सतरंजीवर ठेवलं. साठ किलो आता नाहीत, पंचेचाळीस असतील. म्हणजे मिठाच्या कणाचा तो हिशेबही चुकला. बुधानं बाजेला पाय लावून पायथ्याकडची दोरी ओढली, गाठ मारली, पुन्हा ओढली. त्याला वीस मिनिटं लागली. म्हणाला, "आता वरीसभर बघायला नको." अण्णांना परत वर ठेवलं. सवयीनं पट्टी घातली.

१२ इंच. आजवरचं सर्वांत जास्त. कारण: बुधा.

भाताच्या खोलीतून दांडी काढली. शिशाचे गोळे बुधाला परत. आईनं पाटा धुतला, तीनदा, आणि त्यावर खोबऱ्याची चटणी वाटली. आवाज घरभर येत होता. पोती उद्या येतील.

जेवणाआधी अण्णांपाशी बसले. त्यांनी मनगट फिरवलं. किती? मी म्हटलं, "शून्य. आणि एकोणीस तारखेला बावीस सांगितलं ते खोटं होतं. नऊ होते." त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलं आता बोट वर जाईल. गेलं नाही. हात बाजेखाली गेला आणि ताणलेल्या दोरीवर त्यांनी दोनदा टिचकी मारली.

म्हणजे तेही माहीत होतं.

स्टूल अर्ध्या मीटरवरच आहे. आईला अडचण होते, पण ती वळसा घालून जाते. बाज आता ताठ आहे. गोळ्यांचं पाकीट काठावर ठेवलं. ठेवलं तिथंच राहिलं.